बेटाचं आडनाव

मुकुंदवाडी,
छत्रपती संभाजीनगर
रविवार

प्रिय सुयश,

परवा फोनवर तू म्हणालास, "वहिनी, तुम्ही आत्ता चिडलेल्या आहात, शांत झालात की बोलू." त्यावर मी फोन ठेवला. मला फोनवर बोलता येत नाही आणि भांडता तर येतच नाही, हे तुला माहीत आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू नववीत होतास. 'भाऊजी' म्हणायला मला हसू यायचं, इतका बारका होतास. तुझे दादाच म्हणाले, त्याला नावानं हाक मार. तेव्हापासून मी तुला नावानंच हाक मारते. आज लॅब बंद आहे, विशाखा क्लासला गेली आहे, आई ओट्यावर उन्हात बसल्या आहेत. मी शांत झालेले नाही. तुझं काय ते बोलणं तू तेव्हा बोल. मी आज लिहिते.

सत्यम आला होता, तिथून सांगते. दादांबरोबर अंटार्क्टिकाच्या मोहिमेत होता तो, बर्फाचा अभ्यास करणारा मुलगा. दादा मे महिन्यात वारले तेव्हा तो परदेशात होता, म्हणून आता भेटायला आला. हातात मिठाईचा डबा आणि प्लास्टिकच्या लांब नळीत गुंडाळलेला कच्चा नकाशा. दादा गेल्यावर घरात पहिल्यांदाच कुणी आनंदानं आलं होतं. आईंनी स्वतः सतरंजी झटकून टाकली. नकाशा सारखा गुंडाळला जात होता म्हणून एका कोपऱ्यावर तांब्या ठेवला, दुसऱ्यावर विशाखाचं पुस्तक, आणि बाकीचे दोन आईंनी गुडघ्यांनी दाबून धरले. अर्धा कागद पांढरा, अर्धा निळा, मधे किनाऱ्याची वेडीवाकडी रेघ. आईंनी विचारलं, "ह्यात गावं कुठं हायेत रं?" सत्यम म्हणाला, "आजी, तिथं गावं नाहीत. माणसंच नाहीत." तर आई म्हणतात, "मंग नाव कुणाला सांगायचंय? मासोळ्यायला?" विशाखा हसली. किती दिवसांनी हसली. सत्यमही हसला आणि म्हणाला की जहाजवाल्यांना लागतं, विमानवाल्यांना लागतं, तिथं कुणी अडकलं तर कुठं अडकलं ते सांगावं लागतं. मग त्यानं रेघेपासून जरा सुटलेल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे बघा आजी, हे तुमच्या संघपालचं. पिशोरकर बेट."

आई म्हणाल्या, "कुणाचं?"

सत्यमनं पुन्हा सांगितलं. आईंनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. म्हणाल्या, "आपुन पिशोरचं कवा झालो? पिशोरला आपुन बाजाराला जात हुतो. मिरच्या इकायला." आणि नकाशावरचा गुडघा काढून घेतला. तो कोपरा सुर्रकन गुंडाळला गेला. सत्यमचा चेहरा असा झाला, की मलाच त्याची दया आली. मी चहा टाकायला आत गेले.

जाताना तो फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभा राहिला, तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं. आई घरात होत्या. नाव देण्याची पद्धत काय असते ते मला तेव्हा कळलं. नकाशाचं काम पुरं झालं की ज्या जागांना नाव नाही त्यांची नावं सुचवतात. कुठल्या अक्षांश-रेखांशावर, जागा कशी दिसते, बेट की टोक की खाडी, ती कुणी मोजली, आणि नाव कशावरून, हे सगळं लिहून द्यायचं. माणसाचं नाव द्यायचं असेल तर त्या माणसाचा त्या जागेशी खरा संबंध पाहिजे, आणि नुसतं आडनाव घेतात, पुढं बेट किंवा खाडी असं जोडतात. मग घरच्यांना विचारतात. समितीनं मंजूर केलं की ते नाव सगळ्या देशांच्या यादीत जातं आणि एकदा गेलं की सहसा बदलत नाहीत, कारण दुसऱ्या देशांचे लोक तेच नाव वापरायला लागतात. सत्यमनं सुचवलं होतं 'वाहूळ बेट'. घरच्यांना विचारायचं म्हणून ऑफिसनं मोहिमेच्या कागदांतला नंबर काढला. तो तुझा होता. दादांनीच दिलेला, कारण लॅबमध्ये माझा फोन कपाटात ठेवावा लागतो आणि अवेळी काही कळवायचं झालं तर तू उचलशील. त्यांना तुझा भरवसा होता.

आणि तू लिहून दिलंस, की आमच्या कुटुंबाचं मूळ आडनाव पिशोरकर आहे. वाहूळ हे शाळेत घालताना मास्तरांकडून चुकून लागलं. तरी बेटाला पिशोरकर हेच नाव द्यावं, अशी कुटुंबाची इच्छा आहे. सत्यमला आश्चर्य वाटलं, पण कुटुंबाचीच इच्छा म्हटल्यावर तो कोण बोलणार?

कुटुंब म्हणजे कोण रे, सुयश? मी या घरात राहते. ज्या बाईनं त्यांना जन्म दिला ती इथं राहते. त्यांची मुलगी इथं राहते. आमच्यापैकी कुणाला तू विचारलंस?

विचारणं हेच तर दादांचं काम होतं. तू लहान असताना सुटीत त्यांच्याबरोबर मोजणीला जायचास, फूटपट्टीसारखी ती लाल-पांढरी काठी धरून उभा राहायचास, आठवत असेल. मोजून झालं की ते नावं विचारत हिंडायचे. या ओढ्याला काय म्हणता, त्या टेकडीला काय म्हणता. म्हणायचे, सर्व्हेवाल्यानं नाव ठेवायचं नसतं, विचारायचं असतं. बायांना आधी विचारायचे, कारण पाण्याला आणि सरपणाला त्या सगळीकडं फिरतात. कन्नडकडच्या एका गावात एका ओढ्याची दोन नावं निघाली. वर गावात एक आणि आपल्या वस्तीत दुसरं. दादांनी दोन्ही लिहून पाठवली. ऑफिसनं वस्तीतलं काढून टाकलं, एका ओढ्याला दोन नावं कशाला म्हणून. पण पुढं कधी गाडीवरून त्या बाजूनं गेलो, की पूल आला की ते वस्तीतलं नाव मोठ्यानं म्हणायचे. मी मागं बसलेली असायचे. एवढंच.

कामावर लोक त्यांनाही नाव विचारायचे. "साहेब, पूर्ण नाव काय म्हणालात?" पूर्ण नाव कशासाठी विचारतात ते तुला मी सांगायला नको. ते अजिबात आवाज न उतरवता सांगायचे, संघपाल कडुबा वाहूळ. कधीकधी त्यानंतर बाकीच्यांना स्टीलच्या कपात चहा यायचा आणि यांना कागदाच्या. घरी येऊन ते हे सांगायचे नाहीत. बरोबरचा शिपाई सांगायचा. मोहिमेवरून आल्यावर मात्र एकदा म्हणाले, तंबूत सगळ्यांचे मग सारखेच होते, कुणाचा कुठला ते कळायचं नाही, भांडणं व्हायची. हे सांगताना इतके खूश होते, की मी तिथून उठून गेले.

त्या बेटाचं तुला कुणी नीट सांगितलंय का? तू विचारलं नसशील. मी सांगते, मला येतं तेवढं. त्या किनाऱ्याचा जुना नकाशा दुसऱ्या एका देशानं पन्नास-साठ वर्षांपूर्वी विमानातून तिरपे फोटो काढून केलेला होता. जिथं कळलं तिथं सलग रेघ, जिथं कळलं नाही तिथं तुटक रेघ. तुटक रेघ म्हणजे 'असं असावं'. त्या तुटक रेघेत जमिनीचं एक नाक समुद्रात गेलेलं दाखवलं होतं. उपग्रहाच्या फोटोतही तसंच दिसायचं, कारण वरून सगळं पांढरंच. जमिनीवरचा बर्फ पांढरा आणि समुद्रावरचा बर्फही पांढरा. जमीन कुठं संपते ते वरून कळत नाही, जाऊन बघावं लागतं. हेलिकॉप्टरनं यांना तिथं सोडलं. रेडिओवर बोलताना त्या जागेला काहीतरी म्हणायला पाहिजे म्हणून ते तिला 'भाकरी' म्हणायचे. वरून गोल आणि कडेला जळल्यासारखे काळे खडक, म्हणून.

दादांच्या लक्षात आलं, की खडकाच्या कडेनं बर्फात एक भेग आहे. समुद्रावर तरंगणारा बर्फ भरतीला वर येतो, ओहोटीला खाली जातो. जमिनीला धरलेला बर्फ हलत नाही. दोघांच्या मधे भेग पडते. म्हणजे ती भेग जिथं आहे तिथं जमीन संपली. कमरेला दोर बांधून, पुढं लोखंडी सळई खुपसून बघत, सत्यम मागं आणि दादा पुढं, असे ते त्या भेगेच्या काठाकाठानं चालले. ती कुठंतरी जमिनीत जाऊन थांबेल असं सगळ्यांना वाटत होतं. ती थांबलीच नाही. मागच्या अंगानं वळली, आणि जिथं ते नाक जमिनीला जोडलेलं दाखवलं होतं तिथूनही गेली. सत्यमला तरी खात्री नव्हती. मग दादांनी त्या जोडावरच्या बर्फावर यंत्र ठेवलं, उंची मोजणारं, आणि पुरी भरती-ओहोटी जाईपर्यंत तिथंच राहिले. यंत्र वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. त्या दिवशी स्टेशनवर परतल्यावर त्यांनी फोन केला. मी लॅबमध्ये होते, फोन तूच घेतलास आणि लॅबच्या फोनवर मला जोडून दिलास, आठवतं का? तू पण ऐकत होतास. ते ओरडत होते, "सुलेखा, बेट आहे ते! बर्फ असा वरखाली होतोय, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा!" त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग जरा वेळानं हळू म्हणाले, "इथं विचारायला कुणीच नाही गं. म्हणून फार जपून लिहावं लागतं."

विचारायला कुणी नाही तिथं त्यांनी इतकं जपून लिहिलं. आणि त्यांच्याबद्दल विचारायला घरात तीन बायका असताना तू पुण्यात बसून लिहून टाकलंस.

नळाला पाणी आलं म्हणून मधेच उठावं लागलं. आता आठ दिवस पाणी नाही, सगळं भरून ठेवलं. भांडी भरता भरता माझा राग जातो असा माझा अनुभव आहे, पण आज गेला नाही.

मास्तरांकडून चुकून लागलं, हे तू कसं लिहू शकलास? ही गोष्ट तुझ्या वडलांनी तुझ्यासमोर किती वेळा सांगितली आहे. दादांना शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी 'संघपाल कडुबा' एवढंच लिहिलं आणि पुढच्या पोराला बोलावलं. तुझे वडील जागचे हलले नाहीत. कधी कुणासमोर मान वर न केलेला माणूस. म्हणाले, "आडनाव ल्याहा गुरुजी. आडनाव हाय आमाला." ही गोष्ट सांगताना दरवेळी ते शेवटचं वाक्य दोनदा म्हणायचे आणि तू त्यांची नक्कल करून आम्हाला हसवायचास. ती चूक होती का? तुला कुणीतरी विचारलं, आणि तू जिवंत नसलेल्या बापाच्या तोंडचं वाक्य पुसून टाकलंस.

तू आडनाव बदललंस तेव्हा मी काही बोलले नव्हते. तुला पुण्यात खोली मिळत नव्हती हे मला माहीत होतं. फोनवर ठरलेली खोली नाव सांगितल्यावर कशी भरलेली निघते, हे तू दादांना सांगत होतास तेव्हा मी पोळ्या करत होते आणि ऐकत होते. तू राजपत्रात नाव छापून घेतलंस. पिशोर मोठं गाव, नकाशात सापडतं, पुढं 'कर' लावलं की कुणी पुढचं विचारत नाही. आपली वाडी कुणाला माहीत? दादा म्हणाले, "त्याला राहायचंय तिथं, त्याला ठरवू दे." तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत तू निमंत्रक म्हणून नुसतं 'संघपाल कडुबा' छापलंस. दादांनी पत्रिका हातात घेऊन बघितली आणि मला म्हणाले, "छान कागद आहे." मी त्यांच्यावरच चिडले. राजनंदिनीबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिला सगळं माहीत आहे, आणि इथं आली की ती आईंच्या शेजारी बसून जेवते. तिच्या माहेरी माहीत नाही, एवढंच.

मग दादा गेले. बर्फावर राहून आलेला माणूस उन्हानं गेला, असं लोक मला अजून सांगतात, जसं काही मला ते सुचलं नव्हतं. गावठाणाच्या मोजणीवर होते, दुपारी चक्कर आली, गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. तू आलास, सगळं केलंस, मला कुठं बघावं लागलं नाही, ते मी विसरलेले नाही. पण चौकात श्रद्धांजलीचं फ्लेक्स लावायचं होतं तेव्हा तू त्या छापणाऱ्याला बाजूला घेऊन काय सांगितलंस, ते मी ऐकलं. "खाली सगळ्यांची नावं टाका, माझं राहू द्या." तुझ्या ऑफिसची माणसं येणार होती. फ्लेक्सवर सख्ख्या भावाचं नाव नव्हतं. आईंना वाचता येत नाही. विशाखाला येतं. तिनं ते वाचलं. मी मनाशी म्हटलं, याचं मन थाऱ्यावर नाही.

आता माझ्या लक्षात आलंय. सत्यम म्हणाला, की नाव मंजूर झालं की वर्तमानपत्रांना बातमी देतात. फोटो, माहिती, घरच्यांची नावं. 'संघपाल वाहूळ यांचे बंधू सुयश पिशोरकर.' हे पुण्याच्या पेपरात येईल, तुझ्या सोसायटीत येईल, राजनंदिनीच्या वडलांच्या टेबलावर येईल. म्हणून तू भावाला पिशोरकर केलंस. जिवंत असताना तुला ते जमलं नसतं, त्यांनी पूर्ण नाव सांगितलं असतं. आता ते सांगू शकत नाहीत.

फोनवर तू म्हणालास, "नाव कुठलं का असेना वहिनी, माणूस तर तोच ना." सुयश, मी औरंगपुऱ्यातल्या लॅबमध्ये रोज सकाळी लोकांचं रक्त घेते. नळीवर आधी नाव लिहिते, मग सुई लावते. नाव चुकलेली नळी आम्ही फेकून देतो. रक्त चांगलं असतं, तपासलं तर आकडेही बरोबर येतात. पण ते कुणाचं म्हणून सांगायचं? दुसरं तू म्हणालास, की बाहेरच्या लोकांना वाहूळ म्हणता येणार नाही. त्या नकाशावर रशियन नावं आहेत, नॉर्वेची नावं आहेत, मी वाचायचा प्रयत्न केला, अर्ध्यांवर जीभ अडकली. त्यांच्यापैकी कुणी आपलं आडनाव माझ्यासाठी सोपं केलेलं नाही. आणि पिशोरकर त्यांना कसं सोपं जाणार आहे, तेही तू मला समजावून सांग.

दादांना स्वतःचं नाव कुठं लागावं असं कधी वाटलं नसेल. सत्यमला त्यांनी हसण्यावारी नेलं असतं आणि म्हणाले असते, भाकरीच राहू दे. पण मला वाटतं. ते मी लपवत नाही. मला ते नाव त्या नकाशावर हवं आहे, कागदाच्या कपातून चहा घेणाऱ्या माणसाचं, जसंच्या तसं. आणि तसं होणार नसेल तर काहीच नको.

समितीला मी लिहिलं आहे. नंतर तिथल्या बाईंशी फोनवर बोलले, लॅबच्या जिन्यात उभी राहून, माझ्या मोडक्या हिंदीत. त्या चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, पत्नी म्हणून तुमचा विरोध नोंदवून घेतला. पण घरातून दोन पत्रं आली आणि दोन्हींत वेगळं म्हटलं असेल, तर समिती वादात पडत नाही, तो प्रस्तावच बाजूला ठेवते. बेट नकाशात राहील, नाव राहणार नाही. ज्यानं पहिलं पत्र दिलं त्यानंच ते मागं घेतलं आणि खरं आडनाव लिहून दिलं, तरच 'वाहूळ बेट' बैठकीपुढं जाईल. बैठक पुढच्या महिन्यात आहे. म्हणजे हे आता तुझ्या हातात आहे. चार ओळी लिहायच्या आहेत. संघपाल कडुबा वाहूळ हे माझे सख्खे भाऊ, आमचं आडनाव वाहूळ, आधीचं पत्र चुकीचं होतं. आणि खाली तुझी आत्ताची सही, सुयश पिशोरकर. तुझं आडनाव परत बदल असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. तुला तिथं राहायचंय. पण ही दोन नावं एका कागदावर येण्याची तुला भीती वाटते, आणि मला तेच पाहिजे आहे. तुला घाबरवायला नाही. त्यांचा भाऊ आहेस हे कुठंतरी एकदा लिहिलेलं असावं म्हणून.

हे सगळं मला फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि तू नाही म्हणाला असतास तर तिथंच संपलंही असतं. पत्र लिहिलं ते आईंसाठी. आईंना अजून माहीत नाही की ते नाव तू दिलंस. सत्यमनं मला फाटकाशी सांगितलं आणि मी आत येऊन आईंना म्हटलं, सरकारी चूक आहे, होते कधीकधी. तेव्हापासून त्या रोज सकाळी ओट्यावर बसून सरकारला शिव्या घालतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात, "माझ्या लेकराचं नाव बदललं मेल्यांनी, लई शिकलेली माणसं म्हनं!" आणि मग म्हणतात, "माझा सुयश हाय पुण्याला, त्यो बघून घील त्यांच्याकडं." काल मला विचारत होत्या, "सुयशला कळिवलं का गं?" मी म्हटलं, व्हय, कळवलं. आयुष्यात मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, आता तुझ्यासाठी रोज बोलते. बैठक होईपर्यंत बोलेन. त्या दिवसानंतर त्यांनी विचारलं, की मी जे असेल ते सांगणार आहे, मग ते काहीही असो.

तुझीच वहिनी,
सुलेखा संघपाल वाहूळ